बाजाराची पिशवी घेऊन केंद्रात

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या ज्येष्ठांच्या केंद्राचा वर्धापनदिन झाला. सुरुवातीच्या काही जणांतली मी, म्हणून केंद्राचा इतिहास सांगायला माइक माझ्याच हातात दिला.

खरा इतिहास असा. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोलीत खुर्च्या, कॅरम आणि बीपीचं मशीन आलं. सकाळी यायचं, जेवायचं, गप्पा मारायच्या, संध्याकाळी घरी. पण गावानं त्याला वृद्धाश्रमच ठरवलं. तिथं जाणाऱ्याला पोरांनी टाकलं, असाच अर्थ. ओट्यावर बसून मीही तोंड वाजवलं होतं, "मला काय टाकलंय व्हय?"

मुलगा कारखान्यावर, सून शाळेत शिकवायला. मी दिवसभर भिंतींशी बोलायची. एका आठवडे बाजाराच्या दिवशी पाय दुखले म्हणून केंद्रात टेकले आणि इतकी हसले, की मेथी घ्यायचीच राहिली. मग दर बाजारी जाऊ लागले. पुढे बाजार नसतानाही, हातात पिशवी घेऊन, मागच्या बोळातून. या वयात चोरून जायची लाज वाटायची, पण राहवत नव्हतं.

शेजारणीनं पाहिलंच. भर गल्लीत सुनेला म्हणाली, "सासूला तिकडं ठिवली व्हय? दोन भाकरी जड झाल्या का?"

सून डोळे पुसतच घरात आली. "आत्या, माझं काही चुकलं का?"

"मी न्हाई गेले तिकडं. बाजाराला गेल्ते," मी धडधडीत खोटं बोलले. त्या दिवशी बाजार नव्हता. पिशवीही रिकामीच होती. तिनं ती माझ्या हातून घेऊन खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच पिशवीत माझ्या गोळ्या आणि चष्मा भरला, माझा हात धरला आणि भर रस्त्यानं निघाली. शेजारीण ओट्यावरच होती. "सासूला केंद्रात सोडायला चाललेय, काकू," सूनच मोठ्यानं म्हणाली, "संध्याकाळी न्यायला येईन." गाव तिला नाही नाही ते बोललं. मी आत कॅरम खेळत होते. तिचं बघून दुसऱ्या सुनाही सासू-सासऱ्यांना उघड आणू लागल्या, आणि खोली भरली.

हे सगळं माइकवर सांगायचं होतं. पण समोर अख्खं गाव बघून माझी छाती फुगली. "आम्ही म्हाताऱ्यांनी कुणाला भीक घातली नाही," मी म्हणाले, "ताठ मानेनं आलो!" टाळ्या पडल्या. मागे उभी असलेली सूनही टाळ्या वाजवत होती.

परतताना माझी पिशवी तिनंच घेतली. "आत्या, छान बोललात," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही गल्लीत तिला सासू टाकणारी म्हणतात, आणि ते पुसायला माइक माझ्या हातात होता.