सोळावा हिसडा

दारूचा थेंबही जिभेवर न ठेवता दारूवर हुकमत चालवणारा पुरुष उभ्या पोलादपुरात एकच झाला, आणि तो माझा शेजारी होता. तीस वर्षे बोटीवर बारमनची नोकरी करून नव्वद सालानंतर तो भातशेतीकडे परतला. सदऱ्याच्या खिशात सदैव जायफळ; चहा असो वा सत्यनारायणाचा शिरा, किसून भुरभुरल्यावाचून तो घोट घेत नसे, घास उचलत नसे. हॉटेलात पेला उन्हाकडे धरून पारखण्याच्या त्याच्या सवयीमुळे मालकाने दोनदा अबोला धरला होता. पण त्याचे खरे वैभव म्हणजे ब्रँडी अलेक्झांडर. ब्रँडी, कोकोचे गोड मद्य, म्हशीची साय आणि बर्फ फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात घालून तो कानाशी हलवी. "चाखल्याशिवाय कळते कसे?" असे मी विचारी, तेव्हा तो म्हणे, "कान कशाला हायत, मास्तर?"

एस.टी. स्थानकावर आजही सांगतात की, त्याचा जुना कप्तान आला तेव्हा माझ्या शेजाऱ्याला ते पेय साधले नाही. बोटीवर तो भांडीच घासत असणार, असेही म्हणतात. हे धादांत खोटे आहे. या मुद्द्यावर मी न्हाव्याशी भांडलो, तलाठ्याशी भांडलो, व्याह्यांशीही बोलणे टाकले. घडले ते असे.

महाबळेश्वरला निघालेल्या कप्तानाने पत्र धाडले: तुझ्या हातचा एक पेला घेऊनच घाट चढेन. तीस वर्षांच्या बढायांना साक्षीदार येणार म्हणून निम्मा गाव ओटीवर जमला. शेजारी चार दिवस झोपला नव्हता. स्वयंपाकघरात आम्ही दोघेच होतो. बर्फ माझ्या फ्रीजमधला, म्हणून हलवण्याचा मान मी हट्टाने मागून घेतला.

"पंधरा हिसडे, मास्तर. सोळावा नाय."

आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला हा मोजायला शिकवणार! मी चाळीस दिले.

"बस करा, मास्तर! आवाज फिरला!"

झाकण उघडले, तर तपकिरी ताकावर लोण्याचे गोळे तरंगत होते.

त्याने माझ्याकडे एकदाच पाहिले, तांब्या उचलला आणि ओटीवर जाऊन म्हणाला, "साहेब, हात म्हातारा झाला माझा." गाव खदाखदा हसला. मी दाराआडच उभा राहिलो. कप्तानाने मात्र ते लोणी तांदळाच्या भाकरीवर फासले, वर जायफळ किसून घेतले आणि दोन भाकरी संपवल्या.

त्यानंतर दहा वर्षे आमचा चहा रोज एकत्र झाला. त्या दिवसाचा शब्दही त्याने कधी काढला नाही. जग सोडून जाताना तांब्या माझ्याकडे धाडला.

मीही पिणारा नव्हे. पण अधूनमधून त्यात साय आणि बर्फ घालून कानाशी धरतो. आवाज कुठे फिरतो, ते मला अजून कळत नाही. पंधरा मोजतो आणि थांबतो.