कांद्याच्या चाळीत मुरलेली कॅलिफोर्निया

लग्नानंतर माझी मोठी बहीण कॅलिफोर्नियाला गेली. पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा दाजींनी तिकडच्या रेड वाइनची एक बाटली आमच्या वडिलांच्या हातात ठेवली. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या! वर सांगितलं, दहा वर्षं अंधारात, हवेशीर जागी ठेवा, मस्त मुरेल, मग सगळे मिळून जेवताना पिऊ.

वडिलांना अशी जागा एकच ठाऊक, कांद्याची चाळ. बाटली उन्हाळ कांद्याच्या ढिगात आडवी झाली. सडके कांदे निवडायला बसले की वडील तिलाही काढून पुसायचे, उलटीपालटी करायचे. कोंब फुटलाय का, तेवढं बघायचं बाकी होतं.

मी विंचूरच्या वाइन पार्कात बाटल्या भरायच्या कामाला. कानीकपाळी ओरडून सांगितलं की मे महिन्यात पत्र्याखाली वाइन शिजते, शहरात माझ्या फ्लॅटवर फ्रिजमध्ये ठेवतो. वडील म्हणाले, तुझ्याकडं दिली तर रविवार बघायची नाय ती. यात खोटं काहीच नव्हतं.

ताई मात्र येईना. आधी व्हिसा, मग लॉकडाऊन, मग पोरांच्या शाळा. फोनवर दरवेळी 'पुढच्या वर्षी नक्की'. शेवटी वैतागून मी म्हणालो, कुणी येत नाही, फोडू या आता. वडिलांनी बाटली कांद्यात आणखी खोल सारली.

"बाटली हाय तवर पोरीला यावंच लागंल," ते म्हणाले.

मला रागच आला. दर रविवारी गाडी मारत येणाऱ्या पोराचं कौतुक नाही, आणि लाड कुणाचे तर त्या बाटलीचे!

गेल्या डिसेंबरात ताई आणि दाजी आले एकदाचे. आईने काळ्या मसाल्याचं मटण केलं, बाजरीच्या भाकरी थापल्या. दाजींनी बूच काढायला घेतलं तर निम्मं भुगा होऊन आत पडलं. मग चहाच्या गाळणीने गाळून स्टीलच्या पेल्यांत ओतली. रंग काढ्याचा. दाजींनी पेला गोल फिरवला, आत नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मी घोट घेतला. अहाहा, चिंचेच्या कोळात गंजका खिळा! दाजी घाईघाईने रश्श्याकडे वळले.

वडील जेवायचे थांबले होते. पिकली का, त्यांनी विचारलं.

माझ्या अगदी ओठांवर होतं की व्हिनेगर झालाय, कोशिंबिरीत घाला. तेवढ्यात ताईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तिने आपला पेला उचलला, तळापर्यंत रिकामा केला आणि तोंड पुसलं.

"छान मुरलीय, आप्पा."

वडील खूश झाले. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, आणि ताटाकडे बघतच बोलले, "लय वर्सं लागली पन हिला. आता येशील तवा हळवं वाण आण. वर्षात पिकणारं."

ताईच्या हातातला घास हातातच राहिला. मी बाटलीत उरलेली सगळी वाइन माझ्या पेल्यात ओतली आणि तोंड वाकडं न करता पिऊन टाकली.