चुन्याचे दगड

साडूबद्दल चार ओळी लिहा, असं त्याच्या मुलीनं सांगितलं. मला लिहायची सवय नाही. चाळीस वर्षं आम्ही सासुरवाडीत शेजारी शेजारी जेवायला बसलो, पण त्याच्या मनात काय चालायचं ते मला कधी कळलं नाही. मला माझी पोटदुखीच पुरत होती.

तो डोंगरावरच्या तळ्याचा वाटाड्या. दिवसाला आठच माणसं बरोबर न्यायचा. नववा कितीही गयावया करू दे, "उद्या या." माझं नऊ खोल्यांचं लॉज, गरम पाणी, गच्ची. तरी माझ्याच अभिप्रायवहीत लोक लिहायचे, "खोली ठीक. वाटाड्या मात्र लाख माणूस." माझी वही, माझं पेन! मी ती कपाटात टाकली, तर बायको म्हणाली, "लपवा, लपवा. माझ्या बहिणीचं नशीब काही त्या कपाटात मावायचं नाही."

तळ्याकडे दोन वाटा होत्या. एक माझ्या मागच्या दाराशी सुरू व्हायची, दुसरी गावाच्या पार त्या टोकाला. माणसांच्या पायांनी गवत मेलं, माती वाहू लागली, की साडू ती वाट काही वर्षं बंद ठेवायचा. गावानं ते त्याच्यावरच सोपवलं होतं. उघड्या वाटेच्या तोंडाशी तो चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचा, आणि वाटाड्याशिवाय जाणारे पाहुणे ते बघून वाट धरायचे.

एका वर्षी त्यानं माझी वाट बंद केली. लॉजवरून कुणी फिरकेना. मी तणतणत त्याच्या घरी गेलो.

"माझं बरं चाललेलं बघवलं नाही का?"

"फार चालली हो ती, साडूभाऊ. तीन वर्षं दम खाऊ द्या तिला."

"आणि मी काय खाऊ?"

तो हसला. ते हसू मला आठवडाभर चावत राहिलं.

मग तो दोन दिवस सासऱ्यांकडे गेला, तेव्हा मी ते चौदा दगड उचलून माझ्या मागच्या दाराशी मांडले. दोन दिवसांत शंभरेक माणसं गेली. सगळ्यांनी माझ्याकडे चहा घेतला, आणि नुकतं उगवलेलं गवत चिखलात गेलं.

साडू परतला. दगड बघितले, वाट बघितली आणि एकेक दगड परत नेऊ लागला. मी गच्चीवरून बघत होतो. शेवटचा उचलताना, वर न बघताच म्हणाला, "पाठीला तेल लावून घ्या. जड आहेत."

त्यानं कुणाला सांगितलं नाही. मी असतो तर गावभर केलं असतं. त्याच्या त्या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटला. तीन वर्षं मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

ती भरली तेव्हा तो दगड हातगाडीवर घालून माझ्या मागच्या दाराशी आला. चढण लहानशी, तरी त्याला धाप लागली होती. पुढे आठ दिवसांत तो गेलाच. त्या दिवशी तो पायरीवर बसला, दगड मी मांडले, चुना मी लावला. दगड पळवले होते, त्या वेळचं बोलायचं होतं.

"हा जरा वाकडा बसला," मी म्हटलं.

"असू दे. ब्रश तेवढा धुऊन ठेवा, वाळला की काठी होते त्याची."

"ठेवतो."