मासळीच्या व्हॅनवरचा पेशंट

हॉलमध्ये खुर्च्या भरपूर होत्या, एसी जोरात होता, नाश्त्याची पाकिटं रचून ठेवली होती आणि माणसं तीन होती. बोस साहेब, माझे बॉस सुदीप्तदा आणि मी.

‘लोक कुठे आहेत?’ साहेबांनी विचारलं.

‘बाजारात, सर,’ मी म्हणाले.

‘कुठल्या बाजारात?’

‘आपण हलवणार आहोत, त्याच.’

मला हसू आवरेना. सुदीप्तदांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मी मूळची साताऱ्याची, नोकरी बंगालात, न्यू टाउनमधल्या एका कन्सल्टन्सीत. काम हेल्थ इम्पॅक्ट असेसमेंटचं, ऑफिसात म्हणतात एचआयए. अर्थ सोपा आहे. सरकार एखादा निर्णय घेणार असेल, तर त्याने लोकांची तब्येत सुधारेल की बिघडेल, आणि नक्की कुणाची, हे आधीच तपासायचं. मग शिफारशी लिहायच्या. मग सरकारने त्या वाचायच्या. हा शेवटचा टप्पा माझ्या नोकरीत तोवर एकदाही आला नव्हता.

या वेळचा प्रस्ताव असा होता: बालीगंजच्या एका गल्लीत रोज सकाळी भरणारा भाजी-मासळीचा बाजार उचलायचा आणि लांबच्या नव्या इमारतीत न्यायचा. बोस साहेब बाजार हलवणाऱ्या सरकारी खात्याचे अधिकारी. त्यांचं कारण खोटं नव्हतं. गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स शिरत नाही. एका आजींना खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागलं होतं. शिवाय उघडं गटार, त्यात मासळीचं पाणी, त्यावर डास. हे सगळं आम्ही रिपोर्टात लिहिलंच होतं.

पण त्याच गल्लीत राहणारे मित्रबाबूही लिहिले होते. नाव न घालता, अर्थात. बायपास झालेली, पत्नी गेलेली, मुलगी बंगळूरला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. ‘नुसतं चालायला मी काय वेडा आहे?’ ते मला म्हणाले होते. ‘मासा बघायचा असतो म्हणून पाय उचलतात.’ बाजार लांब गेला की हे गृहस्थ घरात बसणार, आणि असे गृहस्थ त्या गल्लीत घरोघरी होते. मित्रबाबूंची मला मनापासून काळजी वाटत होती.

एचआयएत लोकांचं म्हणणं ऐकावंच लागतं. त्यासाठी साहेबांच्या ऑफिसने सकाळची वेळ दिली. त्या वेळी अख्खं बालीगंज हातात थैली घेऊन बाजारात असतं, हे मी सुदीप्तदांना बजावून सांगितलं होतं. ‘नाश्ता ठेवू, येतील,’ ते म्हणाले. खुद्द बंगाली माणूस हे म्हणाला! पण न्यू टाउनला त्यांच्या घरी मासे अ‍ॅपवरून येतात.

‘ठीक आहे,’ साहेब उठले. ‘लोकांना काही म्हणायचं नाही, असं लिहा. मी फाइल पुढे पाठवतो.’

मी घाईघाईने म्हणाले, ‘सर, गल्ली या हॉलच्या मागेच आहे. आपणच जाऊ या ना.’

साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि निघाले.

मित्रबाबू पहिल्याच मासेवाल्यापाशी होते, तपनदापाशी. एका रुई माशाचे कल्ले उघडून आत बघत होते. ‘अरे मा, तू इथे?’ इथली वयस्कर मंडळी मुलीच्या वयाच्या बाईला ‘मा’ म्हणतात. मी साहेबांची ओळख करून दिली. झालं! हॉलमध्ये जी माणसं हवी होती ती सगळी थैल्यांसकट साहेबांभोवती गोळा झाली आणि एकदम बोलायला लागली.

साहेबांनी आवाज चढवला. ‘आणि अ‍ॅम्ब्युलन्स आली तर?’

‘आम्ही उठतो,’ तपनदा म्हणाला.

‘उठतो म्हणजे?’

‘दाखवू?’

मासळी आणणारी सायकल-व्हॅन गल्लीच्या आतल्या टोकाला उभी होती. तीन चाकं, मागे सपाट फळ्या. ती झाली अ‍ॅम्ब्युलन्स. पेशंट कोण, असं कुणी विचारायच्या आत मित्रबाबू फळीवर आडवे झालेसुद्धा. थैली छातीवर, तिच्यातून पालकाची जुडी बाहेर.

‘काका, डोळे मिटा,’ कुणीतरी सांगितलं.

‘मिटले तर मजा कशी बघू?’

तपनदा ओरडला, ‘पेशंट!’

टोपल्या डोक्यावर गेल्या. विळ्या उचलल्या गेल्या. निळी प्लास्टिकं गुंडाळली, क्रेट दारांच्या आत सरकले, गिऱ्हाइकं भिंतींना चिकटली. गल्ली मोकळी! व्हॅन घंटी वाजवत निघाली, मागे आम्ही सगळे धावतोय, सुदीप्तदासुद्धा, आणि वरच्या गॅलरीतून कुणा बाईंनी चक्क शंख फुंकला. इतकी मजा मला ऑफिसच्या वेळेत कधी आली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी व्हॅन थांबली. समोर एक पांढरी गाडी आडवी लावलेली होती. काचेवर सरकारी पाटी. ड्रायव्हर कुठेच दिसेना.

मित्रबाबू फळीवर उठून बसले. ‘मा, मी इथे मेलो. लिहून घे.’

साहेबांचा ड्रायव्हर हातात कचोरी घेऊन धावत आला. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, पेशंटकडे पाहिलं, आणि हसायला लागले. मग गल्लीच हसली.

‘रिपोर्टात गाड्यांचं काही आहे?’ डोळे पुसत त्यांनी मला विचारलं.

‘आहे, सर. शेवटी, परिशिष्टात.’

‘परिशिष्ट कोण वाचतं? पहिल्या पानावर घ्या.’

जाताना त्यांनी मासा घेतला. निवडून दिला मित्रबाबूंनी.

बाजार जागेवर राहिला. गटारावर झाकणं आली, मासेवाल्यांना ओटे आणि नळ मिळाला, आणि सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायला बंदी झाली. सरकारलाही.

निर्णयानंतर पुन्हा जाऊन बघायचं असतं, की आपण म्हटलं तसं झालं का. याला मॉनिटरिंग म्हणतात. मी गेले तेव्हा मित्रबाबू तपनदासमोर वाद घालत होते. मधल्या काळात त्यांना भर बाजारात छातीत कळ आली होती. तपनदा ‘पेशंट!’ म्हणून ओरडला होता. या खेपेला अ‍ॅम्ब्युलन्स खरी होती आणि तोंडाशी गाडी नव्हती.

या धंद्यात मी शिकले ते एवढंच: लोकांना हॉलमध्ये बोलावण्याआधी ते त्या वेळी कुठे असतात ते बघावं, आणि आपली गाडी लांब लावावी.

मित्रबाबूंनी मला पाहिलं आणि हातातला मासा खाली ठेवला.

‘मा, मेलो नाही. हेही लिहून घे.’