ठिणगीचं कडं

तापमापनाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि तेही तोंडावर. लोक आपल्याला बिचकून असतात हे तिच्या पथ्यावरच पडायचं. तिला न बिचकणारी त्या इमारतीत एकच बाई होती, आणि ती नेमकी तिची नणंद निघाली होती.

वन्सं प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. त्यांची हयात प्लॅटिनमच्या तारेवर गेली होती. तार तापली की तिच्यातून वीज जरा अडखळत जाते, आणि त्या अडखळण्यावरून तापमान कळतं. कारखान्यांचे, दवाखान्यांचे तापमापक त्यांच्या तारेशी ताडून बघितल्याशिवाय खरे मानले जात नसत. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. त्या भावानं ठिणगीशी लग्न केलं आणि वन्संच्या कपाळावर जी आठी पडली ती पडलीच. घरही एकच होतं, वरच्या मजल्यावर वन्सं आणि खाली हे दोघं.

ठिणगी तारेला हातही लावत नसे. तिचं कडं होतं. चिपवर कोरलेलं, केसाच्या जाडीएवढं, भिंगाशिवाय न दिसणारं. त्यात लेसरचा प्रकाश सोडला की एक ठरावीक रंग आत अडकून गोल गोल फिरत राहतो. कडं गरम झालं की अडकणारा रंग किंचित सरकतो. किती सरकला ते मोजायचं, की झालं तापमान. ना वीज, ना तार.

"खेळणं आहे," वन्सं म्हणायच्या. "दाखवायला छान."

"तुमची तार धक्का लागला तरी रुसते," ठिणगी म्हणायची. "माझं कडं रुसत नाही."

शेवटी संचालकांनी वैतागून सांगितलं, दोन्ही एकाच पाण्यात बुडवा आणि काय ते एकदाचं ठरवा.

ढवळत्या पाण्याची टाकी वन्संच्या खोलीत होती, आणि कडं आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठेवलेलं होतं. सगळी प्रयोगशाळा तिच्याभोवती जमली. कडं आणि तार शेजारी शेजारी बुडाली, आकडे स्थिरावले. कडं तारेपेक्षा जास्त दाखवत होतं. थोडंथोडकं नाही, लाज वाटावी इतकं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"अगं, तुझ्या कड्याला ताप आलाय," वन्सं म्हणाल्या. "कपाळावर पाण्याची घडी ठेव."

लोक हसले. ठिणगीचं डोकं फिरलं.

"कालपासून खोलीची किल्ली कोणाकडे होती?" ती ओरडली. "माझ्या कड्याला तुम्ही हात लावलात! तुमच्या पोटात दुखतंय म्हणून!"

वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सिद्ध कर," एवढंच म्हणाल्या.

घरी नवरा डोकं धरून बसला. "कोणाच्या बाजूनं बोलू ते तुम्ही दोघींनी ठरवा. म्हणजे मला गप्प बसता येईल."

"तुझ्या ताईनं केलंय हे."

"ताई वाईट बोलेल. खोटं काम नाही करणार."

त्यावर ठिणगी त्याच्याशीही बोलेनाशी झाली.

सिद्ध करायचं म्हणून तिनं सुट्टीच्या दिवशी दुसरी टाकी मांडली, खोलीला स्वतःचं कुलूप घातलं. वन्संची सावलीसुद्धा पडली नाही, तरी कडं टाकीतल्या साध्या तापमापकापेक्षा तसंच चढून बसलेलं. चिडून तिनं आवरायला घेतलं आणि लेसर मंद केला. आकडा खाली आला. पाणी तर तेवढंच गरम होतं. तिनं प्रकाश वाढवला. आकडा चढला.

ती स्टुलावर बसली. आकडे स्पष्ट यावेत म्हणून गेले काही महिने तिनंच प्रकाश वाढवत नेला होता. फिरता फिरता त्यातला थोडा कड्यात जिरत होता आणि कडं पाण्यापेक्षा गरम होत होतं. आपलाच दिवा आपल्याच कड्याला भाजत होता. तिचे कान तापले.

चहाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत, ती वन्संच्या टेबलापाशी गेली. "चूक माझी होती. प्रकाशानं कडं तापत होतं. मॅडमनी हात लावला नव्हता. मी बोलले ते चुकीचं बोलले."

वन्संनी कप खाली ठेवला. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"तारेतून वीज सोडली की तारही तापते. आम्ही कमी-जास्त वीज सोडून बघतो आणि वीज नसतीच तर काय आकडा आला असता ते काढतो. तुझं दुखणं तेच. आकडा बघितल्या बघितल्या समजलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस? तू तर मला चोर म्हणालीस."

"त्याच्या आधी! ताप आलाय म्हणालात तेव्हाच माहीत होतं तुम्हाला!"

"होतं," वन्सं म्हणाल्या, आणि कप उचलला.

ठिणगीच्या मनात जी काही शरम होती ती तिथल्या तिथे करपली. आपण भर सभेत माफी मागितली, ती कोणाची? वर उभं राहून बुडणारीची गंमत बघणाऱ्या बाईची! "तुम्ही हलकट आहात," ती शांतपणे म्हणाली. वन्संनी मान डोलावली, जणू हिशेब बरोबर जुळला.

पुढची चाचणी मंद प्रकाशात झाली. तारेची रीतच ठिणगीनं कड्याला लावली, आणि दोन्ही आकडे जुळले. वन्संनी तसं संचालकांना सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. ठिणगीला स्वतंत्र खोली मिळाली. महिन्याभरात तिनं घरही बदललं. नवरा बिनतक्रार सोबत आला, पण दर रविवारी बहिणीकडे जायचा, आणि परत आला की ठिणगी तिकडचं काहीही विचारत नसे.

वन्सं निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. ठिणगी आपल्या खोलीत काम करत बसली. वन्संही जाताना तिच्या दाराशी थांबल्या नाहीत.

"आता तरी वाईट वाटतंय का?" रात्री घरी नवऱ्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.