भिंतीवरचा माणूस

माझी मुलगी आयर्लंडमधील कॉर्क शहरातल्या एका मनोरुग्णालयात डॉक्टर आहे. अशाच एका रुग्णालयातील जीवनावरचा जुना फ्रेंच चित्रपट ती रुग्णांना दाखवणार, हे कळताच माझा संताप अनावर झाला. हा रुग्णांच्या प्रतिष्ठेचा भंग आहे, असे बजावणारे तीन पानी पत्र व्यवस्थापनासाठी लिहून, ते खिशात घालूनच मी चित्रपटाच्या खेळाला गेलो.

"बाबा, आधी चित्रपट बघा, मग पत्र द्या," मुलगी म्हणाली.

पडद्यावरचा रुग्ण पळून जाण्यासाठी भिंतीवर चढला आणि पुढच्या रांगेतील एका वृद्ध रुग्ण बाईंना रडू फुटले. मी ताडकन उठलो. "बंद करा हे!" मुलीने घाबरून चित्रपट थांबवला.

बाई डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "अहो, बसा खाली! बिचारा भिंतीवर लटकलाय. आधी त्याला उतरू तरी द्या!"

सारे हसले. मी निमूटपणे बसलो. चित्रपट पुढे सरकला, तो माणूस पलीकडे उतरला आणि सबंध दालनाने एकदम सोडलेला श्वास मी ऐकला. वकील म्हणून माझे आयुष्य न्यायालयांत गेले. पण कोणताही निकाल ऐकून माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता.

घरी येऊन मी दुसरे पत्र लिहिले, एका ओळीचे: पुढचा चित्रपट कोणता, ते त्या बाईंना विचारावे.