न लिहिलेली ओळ

जमिनीची हालचाल मोजणारा टेकडीवरचा अँटेना बदलला आणि ते नोंदवहीत लिहायला मी विसरलो. नवा अँटेना बोटभर उंच होता. आमच्या ठाण्याची मोजणी शेजारच्या देशांच्या मोजणीत मिसळते, म्हणून तिकडच्यांना वाटलं, टेकडीच वर आली. बिचारे महिनोन्महिने कारण शोधत बसले. चूक उघड झाल्यावर त्यांनी आमचं ठाणं यादीतून काढलं.

आज वर गेलो, तर अँटेनाच्या पांढऱ्या टोपीवर साळुंकी निवांत बसली होती. खालचं यंत्र अजून इमानाने मोजतंय. त्याला आता कुणी विचारत नाही. जमीन वर्षाला नखाएवढी सरकते. ते पकडायला खंडभरची माणसं राबतात, आणि मी एका दुपारी तिला बोटभर उचललं!

पहारेकरी गणपतमामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, फाटकातून येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव मी रोज लिहितो. सातवी नापास आहे मी."